कानाला खडा

कॉड माशाच्या कानात खडा असतो,
अर्ध्या शेंगदाण्याएवढा.
तो मधोमध मोडायचा, भिंगाखाली धरायचा
आणि कडी मोजायची. एक हिवाळा, एक कडं.
सेंट जॉन्सला तिसऱ्या वर्षात
आम्ही फेब्रुवारीभर हेच करतो,
खिडकीबाहेर बंदरावर आडवा बर्फ,
आत चाळीस मेलेल्या माशांची वयं.

ईमेल मंगळवारी आलं, पाचला आठ कमी असताना.
मी कँटीनचा काउंटर पुसत होते.
वर 'आपल्या अहवालासंदर्भात', एवढंच.
खाली कलमं, उपकलमं आणि माझं पूर्ण नाव,
मधल्या फिलोमिनासकट,
जे बाप्तिस्म्यानंतर कुणी उच्चारलेलं नाही.

किअरन टोबिनचा तक्ता आणि माझा तक्ता:
चाळिसांतले छत्तीस आकडे हुबेहूब.

हुबेहूब असणारच.
भिंग एक होतं, आम्ही दोघं.
तो वाचायचा, मी लिहायचे, मग उलट.
सर म्हणाले होते, जोडीनं बसा.
कागदावर छापलं होतं, स्वतंत्रपणे.
त्या दोन शब्दांमधल्या फटीत
अकरा दिवस माझा पाय अडकून होता.

अकरा दिवस
किअरन जिन्यात दिसला की नाडी बांधायला वाकायचा.
त्याचे बूट रबरी आहेत.
नाड्या नाहीत त्यांना.

आई फोनवर म्हणाली, कर नाही त्याला डर कशाला.
मी म्हटलं, हो ना.
आणि फोन ठेवून नखांखालची पांढरी भुकटी
पिननं काढत बसले,
ती केव्हाच धुऊन गेली होती तरी.

कारण शेवटचे चार खडे ज्याचे त्यानं मोजायचे होते.
रात्रीचे साडेदहा. किअरन बसला पळालेला.
माझ्या कोपरानं ट्रे गेला,
आणि वाकून बघते तो टाचेखाली कुरकुर.
मी झाडू आणला.
मग खुर्चीत बसून लिहिलं:
सहा, सात, सहा, पाच.
दुसरा सहा आधी आठ होता. खोडला. आठ फार वाटला.

खोलीत तिघे जण. पाण्याचा जग,
आणि टिश्यूचा डबा माझ्या बाजूला सरकवलेला,
रडणं वेळापत्रकात धरल्यासारखा.
मी भिंगाचं सांगितलं. सरांचं सांगितलं.
प्राध्यापिका स्टकलेस दोन्ही तक्ते शेजारी ठेवून
बराच वेळ बोट फिरवत राहिल्या
आणि खालच्या चार ओळींवर थांबल्या.
'हे चार मात्र वेगळे आहेत,' त्या म्हणाल्या,
'म्हणजे एकटीनं बसून काम झालंय.
हा मुद्दा तुझ्या बाजूचा.'
उरलेल्या दोघांनी माना हलवल्या.
एकानं तर घड्याळही पाहिलं, हसत.

छत्तीस खरे आकडे मला बुडवत होते
आणि चार खोटे काठावर ओढत होते.
पेनाचं टोपण लागल्याचा आवाज आला.
कोट खुर्चीच्या पाठीवर होता,
एक बाही आत गेलीसुद्धा.

'ते चार,' मी म्हटलं.
पुढचं वाक्य फार लहान निघालं.
त्यांनी टोपण काढलं.

शून्य मिळालं. विषय पुढच्या हिवाळ्यात पुन्हा.
किअरन सुटला. नाडी बांधणं अजून चालूच आहे.

शनिवारी घरी गेले. बाबा शेडमध्ये
खेकड्यांच्या पिंजऱ्याचा दोर उकलत होते.
सगळं ऐकलं. दोर सोडला नाही.
मग विचारलं, 'किती वर्षांचे होते गं ते चार?'
'माहीत नाही.'
'मग तेच लिहायचंस,' ते म्हणाले,
'रकान्यात मावलं असतं.
हे टोक धर.'

मी टोक धरलं.
दोर ओला होता, आणि गाठ
दोन्हीकडून ओढली की घट्ट होणारी.